कुंकवाच्या पाण्याचा गिलास

धुळवडीचा रंग कानामागून पुरता निघालेला नसतो, तोच बायको खिडकीतल्या कूलरकडे बघत म्हणते, "अहो, ताट्या बदलायच्या आहेत." हे ती दरवर्षी अशा सुरात म्हणते, की ताट्यांसोबत घरातलं आणखीही काही जुनं बदलून मिळालं तर तिची हरकत नसावी. मी स्टूल शोधतो. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. तो गेल्या वर्षीही आखूडच होता. कूलरवरचा प्लास्टिकचा कागद काढला की आतून एक पाल निघते, वर्षभराची धूळ निघते, आणि मागच्या उन्हाळ्याचं गवत हातात घेतलं की पापडासारखं चुरतं. मला शिंकांवर शिंका येतात. आतल्या खोलीतून आमची कन्या त्या मोठ्याने मोजते.

मग वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, टाकीत पाणी पडतं, पंप दोनदा खोकून सुरू होतो आणि ताट्यांवरून पाणी उतरायला लागलं की तो वास येतो. ओल्या गवताचा, ओल्या पत्र्याचा, थोडासा मातीचा. आमच्या अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला या वासाचं अप्रूप सांगायला नको. बाहेर डांबर चपलेला चिकटत असतं, चौकातली कुत्री गटाराच्या काठाने सावली मापत असतात, आणि या एवढ्या चौकोनापुढे वेगळंच हवामान असतं. मी डोळे मिटून त्यापुढे उभा राहतो. बायकोला वाटतं, पुढचं काम टाळतो आहे. तेही खरंच असतं. पण त्याच वेळी मी अकोल्यातल्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये, चाळीस शिक्षकांसमोर, हातात स्टीलचा गिलास धरून उभा असतो. (नातलगांच्या लग्नात हा किस्सा सांगताना शिक्षक सत्तर होतात. बायको पंगतीतूनच ओरडते, "चाळीस!")

त्या उन्हाळ्याला आता तीन वर्षं होतील. मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक; वलगावच्या आसपासच्या शाळांमध्ये माझी बहुतेक नोकरी गेली. मे महिन्यात शिक्षकांचं विज्ञानाचं प्रशिक्षण निघालं आणि प्रत्येक शाळेकडून तज्ज्ञ मार्गदर्शकाचं नाव मागवलं गेलं. ज्या सभेत नाव ठरलं, त्या दिवशी मी दाढदुखीच्या रजेवर होतो. परत आलो तेव्हा दाढ नव्हती आणि मी तज्ज्ञ होतो. त्यातही अमरावतीच्या तज्ज्ञांनी अकोल्यात शिकवायचं आणि अकोल्याच्यांनी अमरावतीत, अशी अदलाबदल होती. आपल्या गावात आपल्याला सगळे ओळखतात, हा धोका वरिष्ठांच्या लक्षात आला असावा.

घटक होता 'द्रव्य आणि त्याच्या अवस्था'. स्थायू, द्रव, वायू हे मुलांकडून पाठ करून न घेता त्यांना डोळ्यांनी कसं दाखवावं, हे मी शिक्षकांना शिकवायचं होतं. मला ते पाठ होतं. तीच तर अडचण होती.

प्रशिक्षणाची पुस्तिका घेऊन मी एका दुपारी कूलरपुढे लोळलो होतो. पोटावर पन्ह्याचा पेला, डोळ्यांवर चष्मा, मनात झोप. एका पानावर साधी कृती होती. स्टीलच्या गिलासात अगदी गार पाणी घ्या, त्यात रंग मिसळा. गिलासाच्या बाहेरून थेंब जमतील. ते थेंब रंगीत आहेत का, हे मुलांना पाहू द्या. मग विचारा, हे पाणी आलं कुठून? उत्तर तुम्ही सांगू नका. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता: हवेत न दिसणारी वाफ असते, ती गार गिलासाला लागली की तिचं पाणी होतं.

मी उठून बसलो. पन्हं सांडलं. बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." झालं होतं असं, की मला प्रणिता आठवली होती.

तिच्याआधी माठाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे माठ पाझरतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. माठाखालची वीट ओली राहते, विटेखालच्या मातीत कुठूनसे चार अंकुर फुटतात. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं, उडून जातं, आणि आतलं गार होतं. जन्मापासून पाझरणारं भांडं पाहिलेल्या माणसाने गार पाण्याच्या स्टीलच्या गिलासावर थेंब पाहिले, की तो दुसरं काय म्हणणार? मीही वर्गात वर्षानुवर्षं तेच सांगत आलो होतो. मातीला मोठी छिद्रं, स्टीलला बारीक छिद्रं. चुकीचं सांगताना माझा आवाज विशेष भारदस्त होतो, असं घरच्यांचं निरीक्षण आहे.

प्रणिता पाचवीत होती. घरचं भाजीचं रान. पालक, मेथी, कडेला झेंडू. सकाळी जुड्या बांधून शाळेत यायची, त्यामुळे तिच्या वहीला नेहमी मेथीचा वास. श्रावणातले दिवस होते, खिडकीबाहेर चिखल होता. मी गिलास शिकवला, आणि दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली.

"सर, मी घरी करून पायलं. शेजारच्या फ्रीजमधलं पाणी आणलं न् त्यात कुंकू कालवलं. आतलं पाणी लाल झालं, बाहेरचे थेंब मात्र साधेच. कुंकू काहून नाही आलं बाहेर?"

वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणालो, "कुंकू जाडं असते. ते छिद्रात अडकते, पाणी पातळ असते, ते निघते. बस खाली."

ती बसली नाही. "पण सर, मी आतून काजळाची खूण केली होती. पाणी खुणेवरच होतं. कमी काहून नाही झालं?"

"बस खाली म्हटलं न, कुंकूवाली!"

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. ती बसली. वर्षभर तिचं नाव कुंकूवालीच राहिलं. मी स्वतः हजेरी घेताना दोन-तीनदा तसं म्हटलं. तिने पुन्हा कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. दहा वर्षांच्या पोरीने कुंकू आणि काजळ घेऊन, कोणी न सांगता, जे नेमकं शोधलं होतं, ते पुस्तिकेत वाचायला मला पन्नाशी गाठावी लागली होती.

अकोल्यात मी ताईकडे उतरलो. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिच्यासाठी मी अजून बाबूच आहे. तिच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या, आणि त्या राखण्याचं काम मला तज्ज्ञ असूनही मिळालं. ऊन असं, की सकाळी घातलेली कुरडई दुपारी हातात कडकड वाजायची. संध्याकाळी मी तिच्या बैठकीत कूलरपुढे टेबल ओढलं, गिलासात बर्फाचं पाणी घेतलं. पाच मिनिटांत गिलासाला दरदरून घाम आला.

ताई पदराने हात पुसत उभी होती. म्हणाली, "बाबू, याच्यासाठी तुले सरकारनं इतक्या दूर धाडलं? गिलासाले घाम आणाले?"

पण मी खूश होतो. प्रयोग जमला होता.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये हजेरीचा कागद फिरला. आठव्या ओळीत नाव होतं: प्रणिता. शाळा बाळापूर तालुक्यातली. आडनाव मात्र वेगळं होतं, म्हणून मी स्वतःला समजावलं, या नावाच्या पुष्कळ असतात. मग तिसऱ्या रांगेत पाहिलं. फिकट हिरव्या साडीतल्या एका मॅडम पेन्सिलीचं टोक दातांत धरून माझ्याकडे बघत होत्या. पाचवीत असताना धरायची, अगदी तसंच. त्या हसल्या. ते हसू मला फार सावध वाटलं.

तो दिवस मी कसा काढला, ते गावंडे सरांना विचारावं. गावंडे सर पहिल्या रांगेत, मानेला ओला दुपट्टा, खिशात उन्हासाठी कांदा. मी म्हणालो, स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो. त्यांनी हात वर केला.

"सर, पीठ डब्याचा आकार घेते. चाळणीतून वायते. मंग पीठ द्रव का?"

"पिठाचा एक एक कण पाहा, तो स्थायूच," मी म्हणालो. इथवर ठीक होतं.

"अन् कापूस? स्थायू दबत नाही म्हणता. आमच्या घरी बैलबंडीभर कापूस चार पोरं नाचून अर्ध्या बंडीत बसवते."

मला पुढे म्हणायचं होतं की दबते ती मधली हवा. पण नजर तिसऱ्या रांगेकडे गेली, पेन्सिल थांबली होती, आणि माझ्या तोंडून निघालं, "चहा घेऊ या." त्या दिवशी चार वेळा चहा झाला. प्रश्न अवघड झाला की चहा. चहावाल्याला वाटलं, कार्यक्रम फार रंगला आहे.

संध्याकाळी गच्चीवर कुरडया गोळा करताना ताईला सगळं सांगून टाकलं. कुंकू, काजळ, नाव ठेवणं, सगळं. ती ऐकत ऐकत डबा भरत होती.

"मंग उद्या माफी माग तिले."

"चाळीस लोकांपुढं?"

"तिले नाव ठेवलं तवा वर्गात किती पोरं होते?"

मी आठवून म्हणालो, "बेचाळीस."

"मंग दोन कमीच हाय," ताई म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ताईकडून थर्मासात बर्फ नेला. हॉलपर्यंत पोचेतो त्याचं बरंचसं पाणी झालं होतं, पण गार होतं. टेबलावर स्टीलचा चकचकीत गिलास ठेवला, पाणी ओतलं आणि म्हणालो, "आता नीट पाहा." चाळीस जण पाहू लागले. पत्रे तापून तडतडत होते. कोपऱ्यातला मोठा कूलर घरघरत होता. पाच मिनिटं झाली. दहा झाली. गिलास आरशासारखा कोरडा. मी तो उचलून पाहिला, वाकून पाहिला, बोट फिरवलं. काहीच नाही.

"सर," गावंडे सर म्हणाले, "गिलासाले तं घाम फुटून नाही राहिला. तुमालेच फुटला."

हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "पाझरते न ते, टाइम लागते." दुसरं कोणी म्हणालं, "पावसाळ्यात पाझरते, आता नाही पाझरत, मंग स्टीलचे भोकं बुजले का उन्हानं?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आणि खरं सांगतो, माझ्या घशाशी उत्तर तयार होतं. मला त्याचा सूरही ऐकू येत होता, भारदस्त. गिलास जुना आहे, बर्फ कमी होता, स्टील हलकं आहे, काहीही चाललं असतं. वर 'बसा खाली' म्हटलं असतं तर सगळे बसलेही असते. शिक्षकच ते.

तिसऱ्या रांगेतली पेन्सिल दातांत होती.

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

मला वाटलं होतं, हे वाक्य बोललो तर वरचे पत्रे कोसळतील. पत्रे जागेवर होते. उलट, लग्नातल्या जेवणानंतर घरी येऊन पट्टा सैल करावा, तसं पोटात काहीतरी सुटलं.

गावंडे सरांनी दुपट्ट्याने तोंड पुसलं. "इतक्या ट्रेनिंगा केल्या बाप्पा, हे पयल्यांदा ऐकलं."

तेव्हा प्रणिता उभी राहिली. "सर, तुमी घरी केला होता का हा प्रयोग?"

"परवा केला. जमला होता."

"गिलास कुठं ठेवला होता?"

"कूलरपुढं."

ती कोपऱ्यात गेली, कूलरची कड उचलून आत डोकावली. "याच्यात पाणीच नाही. कोरडी हवा फेकून राहिला नुसता."

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. गावंडे सरांनी दुपट्टा कमरेला बांधला, दोन-तीन जण बादल्या घेऊन नळाकडे धावले, टाकी भरली. ताट्या ओल्या झाल्या आणि तोच वाळ्याचा वास हॉलभर पसरला. थर्मासातलं उरलेलं गार पाणी दोन गिलासांत घेतलं. एक बाहेर ओसरीवर, उन्हाच्या झळीत. एक आत, कूलरपुढे. प्रणिता उद्घाटनाला पूजलेल्या फोटोपाशी गेली. तिथे हळदी-कुंकवाचं तबक तसंच होतं. तिने चिमूटभर कुंकू घेतलं आणि माझ्याकडे न पाहता दोन्ही गिलासांत सोडलं.

आता थांबायचं होतं. थांबण्याच्या त्या वेळात मी सांगितलं. श्रावण, मेथीच्या वासाची वही, काजळाची खूण, 'जाडं असते', 'बस खाली'. नाव ठेवलेलंही सांगितलं. सांगताना आवाज अजिबात भारदस्त नव्हता. मागच्या रांगेला "मोठ्यानं सांगा" म्हणावं लागलं, म्हणून नाव ठेवल्याचं वाक्य दोनदा सांगावं लागलं. शेवटी म्हणालो, "ती मुलगी बरोबर होती. मी चुकलो होतो. ती इथं बसली आहे." कोण, ते सांगितलं नाही. पण कुंकवाची बोटं कोणाची लाल होती, ते चाळीस जणांना दिसत होतं.

कूलरपुढच्या गिलासावर आधी धुकं आलं, मग टिपके, मग दोन टिपके मिळून एक थेंब सरकन खाली आला. मी खिशातला पांढरा रुमाल काढून गिलास पुसला. रुमाल ओला झाला; रंग नाही. ओसरीवरचा गिलास कोरडाच. त्यावर धूळ तेवढी बसली होती.

गावंडे सर दोन्हीकडे तीन तीनदा जाऊन आले. "म्हणजे आपला माठ खोटा?"

"माठ खरा हाय सर," प्रणिता म्हणाली. "माठाचं पाणी आतून येते. गिलासाचं हवेतून. कूलरनं हवा ओली केली, तवा आलं. आपल्या उन्हात हवेपाशीच पाणी नाही, तं ती देईन कुठून?"

इतकं सोपं मला पुस्तिकेतही सापडलं नव्हतं. मी चहा जाहीर केला. त्या दिवशीचा पहिलाच.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. मी म्हणालो, "प्रणिता, तुला राग आला असेल तर—"

"सर, मी कालपासून भेऊन होती."

"तू? कोणाला?"

"तुमाले." तिने कपातल्या चहाकडे पाहिलं. "तवा मी तुमचं खरं मानलं. घरी जाऊन कुंकवाचं पाणी तुळशीत टाकून देल्लं. डी.एड.लेही तेच सांगतलं, कुंकू जाडं असते म्हणून. मागच्या वर्षी चौथीले शिकवलं, तवाही तेच. काल तुमाले पायलं न् वाटलं, आता सर मलेच उभं करतील न् विचारतील, सांग प्रणिता, थेंब कुठून आले. माह्याजवळ तं तुमचंच उत्तर होतं."

मी तिला घाबरलो होतो, ती मला. दोघांनाही एकदमच हसू फुटलं, तिच्या हातातला चहा बशीत सांडला. पण हसताना आत कुठेतरी टोचलंही. तिने माझ्यावर डूख धरला असता, तर मला सोपं गेलं असतं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं टाकून माझं ऐकलं होतं, आणि पुढे पोरांनाही तेच शिकवलं होतं. माझी छिद्रं बाळापूरपर्यंत पोचली होती.

"जूनमध्ये सांगशील पोरांना?" मी विचारलं.

"ते पाचवीत गेले आता. पण शाळा तीच हाय. बोलावून सांगीन." मग म्हणाली, "तुमी सांगतलं तसंच सांगीन. मी चुकली म्हणून."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. मूर्तिजापूरपाशी काळ्या रानांत भेगा पडल्या होत्या, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग उन्हात पडले होते. जीभ सारखी काढलेल्या दाढेच्या जागी जात होती. जागा रिकामी होती, जरा हुळहुळत होती, पण दुखत नव्हती. बडनेऱ्यापर्यंत मला गाढ झोप लागली. घरी आल्यावर बायकोने रुमालाला इस्त्री करताना विचारलं, "हा कसा काय इतका स्वच्छ राहिला?" मी तिला सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात? बाहेरच्या लोकांपुढे?" तेव्हापासून घरात मी काही ठासून सांगू लागलो, की कन्या मुकाट्याने एक गिलास आणून माझ्यापुढे ठेवते.

यंदाच्या ताट्या परवाच बदलल्या. पंप दोनदा खोकला, वास आला, मी डोळे मिटले, आणि तेवढ्यात फोन वाजला. प्रणिताने तिच्या वर्गाचा व्हिडिओ पाठवला होता. बायको आणि कन्या दोन्ही खांद्यांवरून डोकावल्या. जमिनीवर, पाणी भरलेल्या कूलरपुढे, ओळीने गिलास मांडलेले, कुंकवाच्या पाण्याचे. भोवती पोरं उकिडवी बसलेली, सगळ्यांचे हात लाल. एक दोन वेण्यांची पोरगी उभी होती.

"मॅडम, हवेतलं पाणी गिलासावर आलं, तं वर्गातली हवा आता कोरडी झाली का?"

मी फोनचा आवाज वाढवला. मग कॅमेऱ्यामागून प्रणिताचा आवाज आला, "मले नाही माहीत व माय. कसं पायता येईल, तूच सांग."

बायकोने विचारलं, "अहो, होते का हो हवा कोरडी?" मी उत्तर देणार होतो. कन्या गिलास आणायला वळलीही होती. पण मी पडद्यावर बोट ठेवून तो व्हिडिओ तिथेच थांबवला. पोरगी वर छताकडे बघत विचार करत होती. तिला कोणी खाली बसवलं नव्हतं. ती उभीच होती.